शिसपेन्सिलीची साक्ष

एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, मुलीला चित्रें काढण्याचा नाद आहे आणि त्यांना स्वतःला रोजनिशी लिहावयाची आहे. तरी फारसा खर्च न करतां कोणत्या लेखण्या व पेन्सिली घ्याव्या? प्रश्न लहान दिसतो खरा. पण त्याचें उत्तर मला माझ्या घरांतच, आणि तेंही बरेंच महागांत, शिकावें लागलें. म्हणून या महिन्याचें हें पान त्या उत्तरासाठींच योजिलें आहे.

माझ्या सासूबाईंना रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर चार ओळी लिहून ठेवण्याची संवय होती. आरंभीं त्या मुलांनीं टाकून दिलेल्या पेन्सिलींच्या तुकड्यांनीं लिहीत. पुढें मामंजींनीं त्यांना एक चांगलें फाउंटनपेन आणून दिलें. तेव्हां त्यांनीं जुन्या सात वह्यांतील नोंदी जाड पुठ्ठ्याच्या एका वहींत निळ्या शाईनें, सुवाच्य अक्षरांत उतरून काढल्या. मग पेन्सिलीच्या वह्यांचें काय काम? चार रद्दींत गेल्या. तीन विसरल्यामुळें ट्रंकेंत राहिल्या.

त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यांत माळ्यावरचें कौल सरकलें व ट्रंकेंत पाणी शिरलें. उघडून पाहतों तों शाईची वही म्हणजे निळ्या डागांचा गठ्ठा झालेली! त्याच पाण्यांत भिजलेल्या पेन्सिलीच्या तीन वह्या मात्र आम्ही पानापानांत टीपकागद घालून वाळविल्या, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक अक्षर वाचतां आलें. माझ्या धाकट्या वन्संच्या जन्माची हकीकत रद्दींत गेलेल्या चार वह्यांपैकीं एकींत होती. आतां ती केवळ निळ्या वहींत आहे, आणि वाचतां येत नाहीं.

असें कां व्हावें? आपण जिला शिसपेन्सिल म्हणतों, तींत शिसें मुळींच नसतें. इंग्लंडांत बॉरोडेल येथें सोळाव्या शतकांत काळ्या खनिजाची खाण सांपडली. लोकांना तें शिशाचाच एक प्रकार वाटला आणि नांव चिकटलें तें चिकटलेंच. वस्तुतः तें ग्राफाइट, म्हणजे कर्ब होय. पुढें फ्रान्स व इंग्लंड यांचें युद्ध जुंपल्यामुळें फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. तेव्हां १७९५ सालीं निकोला-झाक काँते यानें ग्राफाइटची पूड व चिकणमाती एकत्र मळून, भाजून कांडी करण्याची युक्ति काढली. आजच्या पेन्सिली त्याच तत्त्वावर होतात. माती अधिक तर कांडी कठीण व रेघ फिकट. ग्राफाइट अधिक तर कांडी मऊ व रेघ काळी. हा कर्ब पाण्यांत विरघळत नाहीं आणि उन्हानें विटत नाहीं. आपल्या जुन्या पोथ्या बोरूनें ज्या शाईंत लिहीत, तींतही काजळच, म्हणजे कर्बच असे. म्हणून तीं अक्षरें शेंकडों वर्षांनंतरही काळींभोर दिसतात. नेहमींच्या निळ्या शाईंत मात्र पाण्यांत विरघळणारा रंग असतो. ती कपड्यावरून धुऊन निघते हा तिचा गुण. पण रोजनिशींत तोच दोष ठरतो.

आतां खरेदीकडे वळूं. रोजनिशीसाठीं एचबी पेन्सिल घ्यावी. १९५८ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्सच्या नटराज व अप्सरा या पेन्सिली गांवोगांवीं मिळतात आणि एक पेन्सिल सहसा दहा रुपयांच्या आंत येते. तिचा एकच उणेपणा असा कीं, पानावर पान घासून अक्षर थोडें पुसट होतें. म्हणून एचबीपेक्षां मऊ पेन्सिलीनें लिहूं नये.

चित्रासाठीं मुलीला बारा पेन्सिलींची पेटी एकदम देण्याची गरज नाहीं. २एच, एचबी, २बी आणि ६बी अशा चार सुट्या पेन्सिली पुरेत. बाह्यरेखा २एचनें, छाया २बीनें आणि अगदीं गडद जागा ६बीनें, असा क्रम ठेवावा. पेन्सिल खालीं पडूं देऊं नये, कारण आंतली कांडी तुटली कीं टोंक काढतांना ती पुनःपुन्हां गळते. मऊ पेन्सिलीचें टोंक यंत्रापेक्षां चाकूनें लांब काढावें. मात्र चाकू वडिलधाऱ्यांनीं हातांत घ्यावा.

शाईच वापरावयाची तर बॉलपेन वाईट नव्हे. लास्लो बिरो या हंगेरियन गृहस्थानें १९३८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १९४५ सालीं न्यूयॉर्कमध्यें असें पेन प्रथम विकावयास आलें तेव्हां त्याची किंमत साडेबारा डॉलर होती. आज तेंच सर्वांत स्वस्त लेखणी झालें आहे. त्याची शाई तेलकट असल्यामुळें पाण्यानें सहसा पसरत नाहीं, पण उन्हांत फिकी पडूं शकते. चित्राची रेघ पक्की करावयाची असेल तर पिगमेंट शाईचें बारीक टोंकाचें पेन घ्यावें. तें थोडें महाग, पण त्यावर पाण्याचे रंग फिरविले तरी रेघ हालत नाहीं. लाख घातलेली काळी चित्रशाई मात्र फाउंटनपेनांत कधींही भरूं नये, तें चोंदतें. तिच्यासाठीं टांकच बरा.

नव्या पेनची परीक्षा घरींच करावी. एका कागदावर त्याच ओळी दोनदां लिहून एक दिवस वाळूं द्याव्या. मग कागदाचे दोन भाग करून एक भाग नळाखालीं धरावा. दुसऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानें झांकून महिनाभर खिडकींत उन्हांत ठेवावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षां हे दोन तुकडे अधिक खरें सांगतील. आणि कितीही चांगली लेखणी मिळाली, सुंदर अक्षरांत सर्व उतरून काढलें, तरी पहिली वही रद्दींत घालूं नये, एवढें माझें ऐकावें.

गेल्या महिन्यांत वन्संनीं त्या तीन वह्या वाचावयास नेल्या. परत द्यावयास आल्या तेव्हां त्यांच्या पिशवींत एक नवी कोरी वही व एचबीची पेन्सिल होती. आईच्या तोंडून लहानपणीं ऐकलेली आपल्या जन्मरात्रीची हकीकत, जेवढी आठवते तेवढी, त्यांनीं पहिल्या पानावर लिहून काढली आहे. पान अर्धेंच भरलें आहे. मोठ्या जाऊबाईंना त्या रात्रीचें कांहीं अधिक ठाऊक असेल. येत्या रविवारीं त्यांच्याकडे जाण्याचा आमचा बेत आहे, आणि पेन्सिल बरोबर नेणार आहों.