सव्वीस वर्षांची वाट



किहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर तुम्ही अनेकदा गेला असाल. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली या गावात राहिले होते. सुगरण पक्षी घरटे कसे विणतो, हे त्यांनी इथे महिनोन्महिने पाहिले आणि टिपून ठेवले. पुढे काही वर्षांनी दूर दक्षिणेत, रामेश्वरमच्या किनाऱ्यावर, एक शिक्षक आपल्या वर्गाला घेऊन गेले. पक्षी कसा उडतो, हे फळ्यावर काढून मुलांना कळले नव्हते. म्हणून त्यांनी उडणारे पक्षीच दाखवले. त्या मुलांत अब्दुल कलाम होते.

कलामसाहेबांचे चित्र आपल्या शाळाशाळांतून लावलेले असते. भाषणस्पर्धेत त्यांच्या स्वप्नांविषयी सगळेच बोलतात. मला वाटते, तुम्ही त्यांच्या वर्षांचा हिशोब वाचावा.

१९५४ साली ते भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले. आपली खरी आवड इंजिनिअरिंगची आहे, हे त्यांना तेव्हा उमगले. मद्रासच्या संस्थेत विमानविद्येसाठी प्रवेश मिळाला, पण सुमारे हजार रुपये हवे होते. बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. आपल्याकडे घरातले सोने लग्नासाठी जपतात. ते फीसाठी काढले, तर लोक नावे ठेवतात. ठेवू द्या.

त्याच संस्थेत असताना कलाम यांनी एका निबंधस्पर्धेत विमान बनवण्यावर लिहिले. निबंध त्यांच्या मातृभाषेत, तमिळमध्ये होता आणि त्याला पहिले बक्षीस मिळाले. उर्दू शाळेतल्या मुलाला इंजिनिअरिंग झेपत नाही, असे कोणी म्हटले, तर त्याला हे ऐकवा. इंग्रजी मागाहून सुधारता येते. गणित मात्र अकरावीत सोडले, की ही वाट जवळजवळ बंद होते.

पुढे ते बंगलोरच्या विमान कारखान्यात शिकाऊ म्हणून गेले. हा कारखाना १९४० साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने काढला होता. तिथे कलाम यांनी इंजिने उघडून जोडण्याचे काम केले. हात काळे करणारे काम! विमानाचा इंजिनिअर म्हणजे कोट घालून नकाशे काढणारा साहेब, ही समजूत काढून टाका.

त्यांना वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनला पंचवीस उमेदवारांतून आठ निवडले गेले आणि कलाम नववे आले. मग त्यांनी सरकारी खात्यात अडीचशे रुपयांची नोकरी धरली. तिथून ते अग्निबाणांच्या कामाकडे वळले. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांच्या तुकडीने बनवलेला एसएलव्ही-३ अग्निबाण समुद्रात कोसळला. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्याने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. पदवीपासून मोजा: सव्वीस वर्षे.

आपल्या किनारपट्टीवर मुलगा अठरा वर्षांचा झाला, की पासपोर्टची घाई सुरू होते. आखातात राबणाऱ्यांना मी दोष देत नाही. कितीतरी मुलांची फी त्यांच्याच पैशातून भरली जाते. पण ज्या मुलाला गणितात गोडी आहे, त्याला घरच्यांनी बारावीनंतर चार वर्षे तरी द्यावीत. माझे हे म्हणणे पालकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

शिकण्यासाठी फार दूर जायला हवे, असेही नाही. पवईच्या आयआयटीत विमान आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे प्रवेश कठीण आहे, हे खरे. पण यंत्र अभियांत्रिकी शिकूनही या क्षेत्रात जाता येते आणि ती आपल्याच जिल्ह्यात, लोणेरे येथे शिकवतात. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तिथे इंजिनिअरांबरोबर आयटीआय शिकलेले फिटरही लागतात.

आणि मुलींनो, हे फक्त तुमच्या भावांसाठी लिहिलेले नाही. २०११ साली अग्नी-४ क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली, तेव्हा त्या प्रकल्पाच्या प्रमुख टेसी थॉमस होत्या. त्या केरळच्या. क्षेपणास्त्रांचे उच्च शिक्षण मात्र त्यांनी पुण्यात घेतले. सकाळी अलिबागहून एसटी पकडली, तर दुपारपर्यंत पुणे येते.