माशीला कुंपण नसते

औषध निकामी ठरले की दोष पशुपालकाच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. त्याने मात्रा चुकवली, वेळ चुकवली, असे सांगितले जाते आणि पाठोपाठ नवे, अधिक महाग औषध त्याच्या दारी येते. या व्यवहाराचे खरे स्वरूप समजून घ्यायचे तर ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांचा अनुभव पाहावा.

‘ल्युसिलिया क्युप्रिना’ ही माशी मेंढीच्या ओल्या, मळक्या लोकरीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत जनावराची कातडी पोखरतात. १९५०च्या दशकात डिल्ड्रिन निकामी ठरल्यावर डायझिनॉन आले. दहा वर्षांच्या आतच त्यालाही न जुमानणाऱ्या माश्या दिसू लागल्या व झपाट्याने वाढल्या. त्यामागचे आनुवंशिक कारण १९९७ साली उलगडले. माशीच्या शरीरातील एका विकराच्या घडणीत १३७व्या स्थानी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आले होते. एवढ्या एका बदलाने, औषधामुळे बंद पडणारे विकर उलट औषधाचेच विघटन करू लागले.

असे बदल औषध घडवीत नाही. ते त्यांची निवड करते. ही औषधे येण्यापूर्वी संग्रहालयात टाचून ठेवलेल्या माश्यांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. डायझिनॉनला तोंड देणारा बदल त्यांत आढळला नाही. मॅलॅथिऑनला दाद न देणारा बदल मात्र आधीपासूनच होता. इतर माश्या मारल्या गेल्या की असे विरळ जनुक बहुसंख्य होते. औषध थांबवताच मूळ स्थिती परत येईल, ही आशाही फोल ठरली. डायझिनॉनला पुरून उरणारी माशी आरंभी औषध नसलेल्या जागी मागे पडत असे. कालांतराने दुसऱ्या एका जनुकातील बदलाने तिची ती उणीवही भरून काढली.

यातून निघणारा निष्कर्ष केवळ शास्त्रीय नाही, राजकीयही आहे. माशीचे औषधाला बळी पडणे ही गायरानासारखी सर्व पशुपालकांची सामाईक ठेव आहे. विक्रेत्याचे हित खप वाढण्यात असते. ठेव संपली तर तो दुसरे औषध विकतो, किंमत मोजतो तो पशुपालक. एकट्याने संयम पाळूनही भागत नाही, कारण शेजारच्या कळपावर निपजलेली माशी कुंपण मानीत नाही.

भारतातही गोचीड डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन यांना दाद देत नसल्याच्या नोंदी अनेक राज्यांतून झाल्या आहेत. तेव्हा कोणते औषध केव्हा वापरावे, ते केव्हा थांबवावे आणि प्रतिकाराची तपासणी कोणी करावी, हे प्रश्न दुकानाच्या फळीवर सोडून चालणार नाही. ते ग्रामसभेत, दूध संस्थांच्या बैठकीत आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारात मांडले गेले पाहिजेत. सामाईक ठेव सामुदायिक शिस्तीनेच राखता येते. ते काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे.