भाषाशिबिराची परदेशवारी : व्हिसापलीकडची तयारी

अमेरिकेतील मुलांची उन्हाळी शिबिरे जूनमध्ये भरतात; मात्र तेथे काम करणाऱ्या तरुणांची निवड आदल्या हिवाळ्यातच सुरू होते. त्यामुळे पुढील उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी एखाद्या भाषाशिबिरात काम करू इच्छिणाऱ्या गोमंतकीय तरुणाला दिवाळीच्या आगेमागेच हालचाल करावी लागते. उशीर किती महाग पडतो, हे २०२५ च्या उन्हाळ्याने दाखवून दिले. त्या वर्षी २७ मे रोजी अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी आणि विनिमय व्हिसांसाठी मुलाखतींच्या नव्या वेळा देणे थांबवले. १८ जूनला ते पुन्हा सुरू झाले. पण अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, ही अट सोबत आली. ज्या कामाचा हंगामच जून ते ऑगस्ट एवढा, त्या कामासाठी हे तीन आठवडे म्हणजे पेरणीच्या तोंडावर पावसाने दिलेली ओढच होती.

या घडामोडींमुळे चर्चा साहजिकच व्हिसाभोवती फिरत राहिली. परंतु व्हिसा हा तयारीचा एक भाग झाला. काम नेमके कोणते, करारात काय लिहिले आहे, परक्या मुलांची अहोरात्र जबाबदारी पेलणार का आणि आपल्याला येणारी भाषा दुसऱ्याला देता येते का, हे चार प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. ज्यांनी ते आधी स्वतःला विचारले नाहीत, त्यांना ते शिबिरात पोचल्यावर भेडसावतात. तेव्हा परतीचे तिकीट दोन महिन्यांनंतरचे असते.

‘कौन्सेलर’ म्हणजे समुपदेशक नव्हे

पहिली गफलत शब्दापासूनच होते. मराठीत ‘कौन्सेलर’ म्हटले की समुपदेशक डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी शिबिरातील कौन्सेलर हा मुलांसोबत त्यांच्याच खोपटात राहणारा, त्यांना उठवणारा, जेवायला नेणारा, खेळवणारा आणि रात्री झोपवणारा ताई-दादा असतो. भाषाशिबिरात हे सारे शिकवायच्या भाषेतून करायचे असते, एवढाच काय तो फरक. पण तो मोठा आहे.

या प्रकारच्या शिबिरांचे सर्वांत ठळक उदाहरण मिनेसोटा राज्यातील कॉन्कॉर्डिया लँग्वेज व्हिलेजेस हे आहे. मूरहेड येथील कॉन्कॉर्डिया महाविद्यालयातील प्राध्यापक गेरहार्ड हाउकेबो यांच्या कल्पनेतून १९६१ मध्ये तेथे जर्मन भाषेचे पहिले शिबिर भरले. पुढे फ्रेंच, स्पॅनिश, नॉर्वेजियन, रशियन, जपानी, चिनी, कोरियन, अरबी अशा भाषांची भर पडली. पोर्तुगीजलाही त्यात स्थान मिळाले. बेमिजी गावाजवळच्या तळ्याकाठी काही भाषांची स्वतंत्र ‘गावे’च वसवलेली आहेत. मूल तेथे पोचले की त्या भाषेतील नवे नाव धारण करते, त्या देशाचे पदार्थ खाते, त्याच भाषेत दुकानात खरेदी करते. वर्ग भरतो तो झाडाखाली, होडीत किंवा स्वयंपाकघरात.

अशा ठिकाणी मार्गदर्शकाचा दिवस सकाळच्या घंटेपासून मुले झोपेपर्यंत चालतो. मोकळा वेळ मिळतो, पण तो तासांत मोजावा लागतो. मोबाइलच्या वापरावर बंधने असतात. उत्तर मिनेसोटात जूनमधील रात्री गोव्यातील माणसाला चांगल्याच गार वाटतात. डास विपुल असतात आणि गवतातील गोचिडींपासून लाइम रोगाचा धोका असतो. सामान बांधताना लोकरी कपडे, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि मजबूत बूट यांना पर्यटनाच्या कपड्यांआधी जागा द्यायला हवी.

चौकट आणि तिच्या मर्यादा

परदेशी मार्गदर्शकांसाठी अमेरिकेत जे-१ या विनिमय व्हिसाचा स्वतंत्र वर्ग आहे. किमान वय १८ वर्षे, कालावधी जास्तीत जास्त चार महिने आणि पुरेसे इंग्रजी, या त्याच्या ढोबळ अटी होत. अर्जदार विद्यार्थी, शिक्षक, युवकांमध्ये काम करणारा किंवा विशेष कौशल्य असलेला असावा लागतो. अर्ज थेट शिबिराकडे करून भागत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था मध्ये असावी लागते. तिने समक्ष मुलाखत घ्यावी, शिक्षक वा मालकाकडून उमेदवाराविषयी अभिप्राय मागवावा आणि मगच डीएस-२०१९ हा दाखला द्यावा, असा नियम आहे. त्या दाखल्यावाचून व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.

मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. आपल्याकडे जाहिरात करणारा दलाल हा बहुतेकदा प्रायोजक नसतो; फार तर तो प्रायोजकाचा स्थानिक हस्तक असतो. म्हणून ‘तुमचा प्रायोजक कोण?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा आणि मिळालेले नाव त्या यादीत शोधावे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते, हेही ध्यानात असावे.

शुल्कांचा हिशेब मांडताना व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आणि विनिमय अभ्यागतांच्या नोंदणीचे शुल्क वेगवेगळे धरावे लागते. इतर बहुतेक जे-१ धारकांना नोंदणीसाठी २२० डॉलर पडतात; शिबिर-मार्गदर्शकांना मात्र ३५ डॉलरची सवलत आहे. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या ‘व्हिसा सचोटी शुल्का’ची तरतूद झाली आहे, अर्ज करताना त्याची स्थिती पाहून घ्यावी. गोव्यातील अर्जदारांसाठी दूतावासाचे काम मुंबईत होते, तेव्हा तेथील फेऱ्या आणि मुक्कामाचा खर्चही याच वहीत लिहायला हवा.

एक जुनी धास्ती मात्र कमी झाली आहे. जे-१ वर जाऊन आलेल्या काही भारतीयांना कौशल्य-यादीमुळे दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होत असे आणि पुढे नोकरीचा व्हिसा मिळवताना ती आड येई. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले. सरकारी निधीवर गेलेल्यांना ही अट आजही लागू होऊ शकते. शिबिरासाठी जाणारे बहुतेक जण त्या गटात येत नाहीत.

ज्या गोमंतकीयांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांच्या बाबतीत एक गैरसमज संभवतो. त्या पासपोर्टवर अमेरिकेत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना पर्यटनासाठी जाता येते, म्हणून शिबिरातही काम करता येईल, असे नाही. वेतन घेऊन काम करायचे तर त्यांनाही जे-१ लागतोच.

कराराच्या ओळी

नियमांनुसार प्रायोजकाने उमेदवाराला निघण्यापूर्वी तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत : कामाच्या जबाबदाऱ्या, करारातील बंधने आणि मिळणारा मोबदला. मोबदला त्याच कामावरील अमेरिकी सहकाऱ्यांच्या तोडीचा असावा, असेही नियम म्हणतो. पण तो फार मोठा असेल, या भ्रमात राहू नये. हंगामी करमणुकीच्या आस्थापनांना अमेरिकी संघीय किमान वेतन कायद्यातून सूट मिळू शकते आणि अनेक शिबिरे संपूर्ण हंगामासाठी एकरकमी मानधन देतात. राहणे-जेवणे त्यात धरलेले असते. विमानभाडे कोण देणार, मधेच काम सोडल्यास ते परत करावे लागणार का, आजारी दिवसांचे पैसे कापले जाणार का, या तीन ओळी करारात शोधाव्यात. त्या सापडल्या नाहीत, तर लेखी विचारून घ्याव्यात.

स्वयंपाकी, भांडी घासणारा, सफाईगार किंवा कार्यालयीन कर्मचारी म्हणून या वर्गात कोणालाही आणता येत नाही. आपल्या खोपटातील केर काढणे हा सामुदायिक जीवनाचा भाग झाला. पण हंगामभर मुदपाकखान्यात राबावे लागले, तर तो नियमभंग ठरतो. अशा वेळी तक्रार शिबिरचालकाशी वाद घालून संपवायची नसते, ती प्रायोजकाकडे न्यायची असते. प्रायोजकाचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक यासाठीच जवळ ठेवायचा.

आरोग्य विम्याबाबत नियम स्पष्ट आहे : प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण हवे. त्यातही उमेदवाराने आधी स्वतः सोसायची रक्कम ५०० डॉलरपर्यंत असू शकते, हे विसरता कामा नये. कराचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तेथे दोन-तीन महिने काम करून परतणारा तरुण सामान्यतः भारताचा निवासी करदाताच राहतो, म्हणून तेथील कमाई भारतातील विवरणपत्रात दाखवावी लागते. तेथे बँक खाते उघडले असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असूनही विवरणपत्र भरण्याची जबाबदारी येऊ शकते. निघण्यापूर्वी सनदी लेखापालाशी अर्धा तास बोलून घेतले, तर पुढची नोटीस टळते.

दुसऱ्यांची मुले

या कामातील खरा धोका पैशांचा नाही, मुलांचा आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या तरुणाला लहानग्याला कडेवर घेणे, गालगुच्चा घेणे, रागावून दटावणे यांत काही वावगे वाटत नाही. अमेरिकी शिबिरात या प्रत्येक कृतीला मर्यादा आहेत. मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटे थांबायचे नाही, त्याचे छायाचित्र आपल्या खात्यावर टाकायचे नाही, शिबिर संपल्यावर खासगी संपर्क ठेवायचा नाही, असे नियम सर्रास असतात. ते अविश्वासातून आलेले वाटतात. प्रत्यक्षात ते मुलाइतकेच मार्गदर्शकाचेही रक्षण करतात.

अत्याचाराचा संशय आल्यास कळवण्याचे बंधन भारतीयांना अपरिचित असण्याचे कारण नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही ते प्रत्येकावर टाकले आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे ते बहुधा कागदावर राहते आणि तेथे पहिल्याच प्रशिक्षणात त्याची उजळणी होते. शेंगदाण्याची प्राणघातक अॅलर्जी, घरच्या ओढीने रात्री रडणारे मूल, तळ्यातील सुरक्षा यांचीही पूर्वतयारी हवी. प्रथमोपचाराचा आणि पोहण्याचा अभ्यासक्रम गोव्यातच पूर्ण करून गेलेला उमेदवार निवडीतही उजवा ठरतो.

येणे आणि देता येणे

भाषा येते म्हणून ती शिकवता येईल, हा समज सर्वांत चिवट आहे. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांतील क्रियापद का बदलले, हे कितीतरी मराठी पदवीधरांना चटकन सांगता येणार नाही. सुदैवाने भाषाशिबिरात ते सांगायचे नसतेच. तेथे आंबा आणि पोळी दोन्ही पुढ्यात ठेवून, खाता खाता, दहा वेळा ती वाक्ये मुलांच्या कानांवर पडतील अशी व्यवस्था करायची असते. भाषांतर न करता हावभाव, चित्र, गाणे आणि पुनरुक्ती यांच्या आधारे अर्थ पोचवणे, चूक न टोकता योग्य रूप सहज परत उच्चारणे, मूल अडले तरी इंग्रजीच्या आश्रयाला न जाणे, हे शिस्तीने कमावायचे कौशल्य आहे.

त्याचा सराव येथेच करता येतो. पोर्तुगीज शिकलेल्या विद्यार्थ्याने शेजारच्या पाच मुलांना घेऊन रोज अर्धा तास, आठवडाभर, फक्त त्या भाषेत खेळ घेऊन पाहावेत. आपली शब्दसंपदा कोठे तोकडी पडते, हे तिसऱ्या दिवशीच कळते. ‘चप्पल घाल’, ‘रांगेत उभा राहा’, ‘पोटात दुखतेय का?’ ही वाक्ये साहित्याच्या अभ्यासक्रमात नसतात. शिबिरात ती दिवसातून वीसदा लागतात.

गोव्याने काय करावे

घरात कोंकणी, वाचनात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी आणि काही कुटुंबांत पोर्तुगीज, अशी भाषिक श्रीमंती फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आली आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. तरीही अशा हंगामी कामाकडे येथे वैयक्तिक साहस म्हणून पाहिले जाते. अडचण मुख्यतः वेळापत्रकाची आहे : तेथील उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, आणि त्याच सुमारास आपली महाविद्यालये भरतात. विद्यार्थ्याला उपस्थिती आणि शिबिर यांतून एक निवडावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी अभ्यासक्रमात अंतर्वासितेला श्रेयांक आहेत. पडताळलेल्या करारावर गेलेल्या विद्यार्थ्याचा हा काळ त्यात धरण्याचा विचार विद्यापीठाने करायला हरकत नाही. अनिवासी भारतीयांच्या व्यवहारांसाठी राज्यात असलेल्या शासकीय यंत्रणेनेही प्रायोजकांची पडताळणी आणि करारवाचन यांसाठी वर्षातून एक मार्गदर्शन सत्र घेतले, तर दलालांचे निम्मे काम संपेल.

परतीच्या प्रवासात येणारी पद्धत ही यातली सर्वांत मोलाची मिळकत ठरू शकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गोव्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांचा पट मात्र घटतोच आहे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला आठवडाभर पूर्णपणे मराठीत वा कोंकणीत जगायला लावणारे निवासी शिबिर सत्तरी, सांगे वा काणकोणात भरवायला मोठ्या इमारती लागत नाहीत. मिनेसोटातील पहिल्या शिबिरानेही भाड्याच्या जागेत, मोजक्या मुलांनिशीच सुरुवात केली होती. लागतात ती भाषा जगवून दाखवणारी वीस-पंचवीस प्रशिक्षित तरुण माणसे. उन्हाळ्यात परदेशी जाणाऱ्यांपैकी काही जण तरी ते प्रशिक्षण घेऊन परततील. त्यांना कामाला लावणारी पहिली संस्था कोणती, हे आता येथील शाळांनी आणि मराठी-कोंकणी मंडळांनी ठरवायचे आहे.