एका भोकाचा कैवार

फ्रिज घ्यायला पैसे लागतात, पण टिकवायला बिनसुईची पिचकारी पुरते, हे माझं मत आहे. आणि त्यापायी शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाशीही भांडायची माझी तयारी आहे. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, तेव्हा पाण्यावरून भांडायचा आमचा सराव जुनाच आहे. फक्त हे पाणी भीमेचं नव्हे, फ्रिजमधलं.

भाजीच्या कप्प्यात तळं साचतं, मेथी पोहू लागते आणि घरात आरोपी शोधायला सुरुवात होते. सासूबाईंना सुनेचा संशय, सुनेला मुलांचा, मुलांना एकमेकांचा. शेवटी शेजारचे भाऊसाहेब येतात आणि नाडी न बघता निदान करतात, "गॅस गेला!" अहो, गॅस गेला तर गारवा जाईल. इथे तर दुधाच्या पातेल्याला हात लावला की बोटं बधिर होतात!

खरी गोष्ट साधी आहे. 'नो-फ्रॉस्ट' फ्रिजात बर्फ धरत नाही, असं नाही. तो फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड, थंड नळ्यांवर धरतो. ठरावीक वेळाने एक हीटर तो वितळवतो. ते पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, तिथल्या छोट्या भोकातून नळीवाटे पाठीमागे उतरतं, आणि कॉम्प्रेसरजवळच्या तबकात साचून त्याच्या उष्णतेने उडून जातं. भोक बर्फाने किंवा कचऱ्याने बुजलं, की पाणी वाट फुटेल तिकडे जातं, म्हणजे मेथीवर. पाझरायचं आणि हवेत उडून जायचं, ही तर आपल्या रांजणाचीच रीत! आणि गंमत म्हणजे शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतच फ्रिज तयार होतात. महागणपतीच्या शेजारी जन्मलेल्या या वस्तूचं पाणी कुठून जातं, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नसावं?

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे. माझी थोरली बहीण दौंडला असते. मेहुणे रेल्वेतले, ते गेल्यावर अक्का कुटुंब निवृत्तिवेतनावर भागवते. फ्रिजच्या दारात तिचं इन्शुलिन असतं. तळं साचलं म्हणून तिने मेकॅनिक बोलावला. त्याने दार उघडलं, लावलं आणि सांगितलं, "मावशी, बारा वर्षं झाली. आता बदला." अक्का बिचारी हप्त्यांची आकडेमोड करत बसली होती.

मी शिरूरला जनावरांच्या औषधांच्या दुकानातून मोठी पिचकारी घेतली आणि दौंड गाठलं. इन्शुलिन शेजारणीच्या फ्रिजात ठेवायला गेलो, तर तिथेही मेथी पोहत होती! रात्रभर अक्काचा फ्रिज बंद करून, प्लग काढून, दार उघडं ठेवलं. सकाळी चार स्क्रू काढून आतला पडदा काढला. भोकात कोमट पाणी हळूहळू सोडलं. पहिल्या दोन पिचकाऱ्या उलट्या माझ्याच अंगावर आल्या. तिसऱ्या वेळी बर्फाची गोळी सुटली, तिच्याबरोबर कोथिंबिरीची एक काडी वर आली, आणि मागच्या तबकात टपटप सुरू झालं. हप्त्यांचं सगळं संकट त्या काडीएवढं होतं. शेजारणीचाही फ्रिज मग ओघानेच आला. सुरी किंवा दाभण मात्र कुणी आत खुपसू नये. थंड नळीला भोक पडलं, तर भाऊसाहेबांचं निदान खरं होईल!

कारागिराला मी नावं ठेवत नाही. कॉम्प्रेसर, वायरिंग, गॅस ही त्याची विद्या. तिचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. माझं भांडण आहे ते 'बदला' या एका शब्दाशी. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. उत्तम झालं. पण हक्क दिल्लीहून येतो, स्क्रू-ड्रायव्हर घरातच शोधावा लागतो. आणि पत्ता? नवा फ्रिज आला की आपण त्याला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. ते भोक कुठे आहे, हे मात्र ना विकणारा सांगतो, ना आपण विचारतो. दारावर विजेच्या बचतीच्या चांदण्या छापतात, त्यांच्याशेजारी त्या भोकाचं एक चित्र छापायला काय हरकत आहे?

दौंड तर एके काळी वाफेच्या इंजिनांचं गाव. इंजिनाच्या नळ्यांत काजळी धरली, की ती साफ करायची, हे तिथल्या पोरासोरांनाही कळे. नळी तुंबली म्हणून इंजिन भंगारात घाला, असं कुणी म्हटलं असतं तर शेडमधल्या माणसांनी त्यालाच आधी धुऊन काढलं असतं. आणि आपण तरी, पन्हाळीत पान अडकलं म्हणून घर विकायला काढतो का? शिडी लावतो आणि पान काढतो.