पर्सेंटाइलचा न्याय

अकरावीच्या प्रवेशासाठी शासनाने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०१० चे ‘बेस्ट फाइव्ह’ही तेथे टिकले नाही, सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते उचलून धरले. तो सारा कलह मुंबईच्या नामवंत महाविद्यालयांतील जागांसाठी होता. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांचा त्यात उच्चारही नव्हता.

आज सीईटीच्या निरनिराळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण नसतात, म्हणून पर्सेंटाइल दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु हे गणित सत्रासत्रांतील तफावत पुसते, शाळाशाळांतील नव्हे. जेथे गणिताला शिक्षकच नाही, तेथील विद्यार्थी खाजगी क्लासवाल्यांच्या रांगेत मागेच उभा राहतो. गणित घ्यावे की जीवशास्त्र, हा शहरात आवडीचा प्रश्न; मुरबाडच्या मुलीला तो जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती शाखा आहे आणि परतीची एस. टी. केव्हा सुटते, यावरून सोडवावा लागतो. (भातसा-तानसाचे पाणी मुंबईला नेताना असली अडचण कधी आली नाही!)

या दोन तालुक्यांत विज्ञान-गणित शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत, हे शिक्षण व आदिवासी विकास खात्यांनी अकरावीचे वर्ग भरण्यापूर्वी जाहीर करावे, आणि ती भरावीत.