खलनायक कोणी ठरविला?

सॅक्स रोमर या टोपणनावाने लिहिणारा इंग्रज कादंबरीकार आर्थर हेन्री वॉर्ड आज विस्मृतीत गेला आहे. त्याचा खलनायक डॉ. फू मांचू मात्र अद्याप जिवंत आहे. १९१३ ते १९५९ या काळात रोमरने त्याच्यावर तेरा कादंबऱ्या लिहिल्या. गोऱ्या जगाचा विनाश करू पाहणारा बुद्धिमान चिनी आणि त्याच्या पाठलागावर असलेला, ब्रह्मदेशात साम्राज्याची चाकरी केलेला इंग्रज अधिकारी, हेच या कादंबऱ्यांचे मूळ सूत्र.

ही निव्वळ करमणूक आहे, असे म्हणून विषय संपत नाही. पहिल्याच कादंबरीत लंडनच्या लाइमहाउस भागातील अफूचा अड्डा येतो आणि अफू हे चिनी माणसाचेच पाप, असे वाचकाच्या मनावर ठसते. इतिहास नेमका उलटा आहे. बिहारमध्ये कंपनी सरकारच्या मक्तेदारीखाली पिकविलेली आणि माळव्यातून मुंबई बंदरामार्गे गेलेली अफू चीनने रोखताच, ब्रिटनने त्याच्यावर १८३९ ते १८४२ चे युद्ध लादले. दरोडा घालणारा साहेब ठरला आणि ज्याचे घर लुटले तो खलनायक!

प्रत्यक्ष लाइमहाउसमध्ये राहत होते ते काही शे चिनी. त्यांतील बहुतेक ब्रिटिश जहाजांवर अल्प वेतनात राबणारे खलाशी. दुसऱ्या महायुद्धात हजारो चिनी खलाशांनी जीव धोक्यात घालून ब्रिटनची जहाजे चालविली. युद्ध संपताच, १९४५-४६ साली, लिव्हरपूलमधून अशा शेकडो खलाशांना गुपचूप देशाबाहेर घालविण्यात आले. त्यांच्या इंग्रज बायका आणि मुले मागे राहिली. हे रोमरच्या लेखणीमुळे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु चिनी शेजारी म्हणजे कारस्थानी, हे ज्या समाजाच्या मनावर तीस वर्षे बिंबविले गेले, त्याला हा अन्याय टोचावा तरी कसा?

पुढे शीतयुद्धाचे वारे वाहू लागले, तेव्हा हाच फू मांचू चीनच्या साम्यवादी राजवटीविरुद्ध उभा राहिला. बाजाराच्या मागणीनुसार खलनायकही आपला शत्रू बदलतो!

रहस्यकथा वाचू नयेत, असा सोवळेपणा आम्हाला मान्य नाही. मात्र खलनायकाला कोणती जात, कोणता धर्म, कोणती वस्ती दिली आहे, हे कार्यकर्त्यांनी डोळसपणे पाहिले पाहिजे. कारण उद्या त्याच वस्तीत आपल्याला संघटना बांधावयाची असते.