किंमत पिस्तुलाची की नेमाची?

अमेरिकेतील कोणत्याही शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात ग्लॉक बनावटीचे साधे पिस्तूल पाच-सहाशे डॉलरांना मिळते. त्याच देशात आर्कान्सा राज्यातील बेरीव्हिल या लहानशा गावी कारागिराने हाताने जुळवून दिलेल्या पिस्तुलासाठी ग्राहक तीन ते पाच हजार डॉलर आनंदाने मोजतो आणि वर कित्येक महिने वाट पाहतो. दोन्ही पिस्तुलांत 9 मिलिमीटरचे एकच काडतूस चालू शकते आणि गोळीचा वेगही जवळपास तोच असतो. मग ही सहा-आठ पट किंमत नेमकी कशाची? प्रश्न वरकरणी शौकिनांचा वाटतो; परंतु सैन्यासाठी व पोलिसांसाठी पिस्तुले सार्वजनिक पैशातून घेतली जातात, आणि तेथे या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची भरपाई कधी कधी प्राणांनी करावी लागते. म्हणूनच त्याचा विचार हौसेच्या नव्हे, तर अर्थशास्त्राच्या कसोटीवर व्हावयास हवा.

सैलपणा हाच गुण

या महागड्या पिस्तुलांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच आराखड्यात आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने तयार केलेले .45 व्यासाचे पिस्तूल मार्च 1911 मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारले. त्यापूर्वीच्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडले नाही, अशी नोंद आहे. 1985 मध्ये इटालियन बेरेटाची निवड होईपर्यंत तेच सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की टंकलेखन यंत्रांशी नाव जोडलेली रेमिंग्टन रँड आणि रेल्वेचे सिग्नल बनविणारी युनियन स्विच अँड सिग्नल यांसारख्या कंपन्यांनाही या कामाला जुंपण्यात आले. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीनेही पाचशे नग बनविले.

अशा विविध कारखान्यांतून येणाऱ्या भागांविषयी सैन्याची एक अट होती. कोणत्याही कारखान्याचा कोणताही भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे. ही अट पाळावयाची तर भागाभागांत थोडी मोकळीक ठेवणे अपरिहार्य होते. हातात घेऊन हलविले असता जुने सैनिकी पिस्तूल किंचित खुळखुळते, ते यामुळे. त्या मोकळिकीमुळे चिखल, वाळू आणि अपुरे तेल सोसूनही ते चालत राही, आणि पंचवीस यार्डांवरील माणसाच्या आकाराचे लक्ष्य टिपण्यास तेवढी अचूकता पुरेशी होती. तेव्हा ज्याला पुढे दोष मानण्यात आले, तो वस्तुतः विचारपूर्वक केलेला सौदा होता.

कारागिराचे मोल

महायुद्धानंतर ओहायो राज्यातील कँप पेरी येथील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत हा सौदा अपुरा पडू लागला. पन्नास यार्डांवरील वर्तुळाच्या केंद्राचा वेध घ्यावयाचा असेल तर नळी प्रत्येक गोळीनंतर तंतोतंत त्याच जागी परतली पाहिजे. सैन्यातील शस्त्रकारागिरांनी नळी व वरचा सरकता भाग घट्ट बसविण्यास आणि चाप हलका करण्यास प्रारंभ केला. पुढे ही विद्या खासगी कारागिरांकडे पोहोचली. बेरीव्हिलचे बिल विल्सन हे मूळचे घड्याळजी. त्यांनी 1977 मध्ये हा व्यवसाय सुरू केला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या कारागिरीचा लाभ काल्पनिक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पन्नास यार्डांवर सर्व गोळ्या तीन इंचांच्या वर्तुळात पडतील अशी हमी काही निर्माते देतात, आणि अधिक पैसे मोजल्यास ते वर्तुळ दीड इंचावर आणून देतात. ज्याचे पदक एका गुणाने हुकते, त्याच्या लेखी त्या दीड इंचाची किंमत रास्तच आहे. परंतु येथेच घटत्या सीमान्त उपयोगितेचा परिचित नियम लागू होतो. पहिल्या पाचशे डॉलरांत विश्वासार्हता, पुरेशी अचूकता व सुट्या भागांची सोय मिळून जाते; पुढच्या प्रत्येक हजारात मिळणारी भर मात्र कमी होत जाते आणि अखेरीस ती इतकी सूक्ष्म होते की सामान्य नेमबाजाच्या हाताच्या कंपात विरून जाते. शिवाय संगणक-नियंत्रित यंत्रांमुळे कारखान्यातच भाग अतिशय अचूक कापले जाऊ लागल्याने हातकाम व यंत्रकाम यांतील अंतर पूर्वीइतके उरलेले नाही. उरलेल्या किमतीचा मोठा हिस्सा झिलईचा, कोरीवकामाचा आणि नावाचा असतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 मध्ये ज्याला प्रदर्शनी उपभोग म्हटले, त्याचेच हे एक रूप होय.

जुन्या पिस्तुलांची गोष्ट याहून वेगळी नाही. 2018 पासून अमेरिकेत सैन्याकडील शिल्लक 1911 पिस्तुले सोडत काढून हजार डॉलरांच्या आसपास विकली जाऊ लागली. ती नव्या ग्लॉकपेक्षा महाग आहेत. अधिक चांगली चालतात म्हणून मात्र नव्हे. तेथे ग्राहक इतिहास विकत घेत असतो. सिंगरच्या त्या पाचशे नगांपैकी एखादा लिलावात आला की संग्राहक प्रचंड बोली लावतात. त्या बोलीचा नेमबाजीशी काही संबंध नसतो.

संस्थांचा अनुभव

हौशी ग्राहक स्वतःच्या पैशाचे काय करतो, हा त्याचा प्रश्न. संस्थांचा अनुभव मात्र अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने 1980 च्या दशकात आपल्या निवडक तुकड्यांसाठी व्हर्जिनियातील क्वांटिको येथे स्वतःच्या कारागिरांकडून .45 पिस्तुले घडवून घेण्यास सुरुवात केली. त्यासाठी वापरलेले सांगाडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील किंवा त्याहून जुने होते. पिस्तुले उत्तम होती. परंतु हाताने जुळविलेला भाग झिजला तर त्याच्या जागी दुसरा सरळ बसत नाही. त्यासाठी पुन्हा कारागीर लागतो, आणि युद्धभूमीवर कारागीर कोठून आणावयाचा? 2012 मध्ये या दलाने कोल्ट कंपनीशी जास्तीत जास्त बारा हजार पिस्तुलांचा, सव्वादोन कोटी डॉलरांचा करार केला. तथापि काही वर्षांतच याच दलाच्या विशेष तुकड्यांनी ग्लॉकचे साधे 9 मिलिमीटर पिस्तूल पत्करले. ज्यांना पैशाची चणचण नव्हती आणि ज्यांच्या नेमबाजीविषयी शंका नव्हती, तेच फिरून सर्वसाधारण मालाकडे वळले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याचा अर्थ प्रमाणित माल निर्दोष असतो असा नव्हे. एका नमुन्यातील चूक लाखो नगांत पसरते. ज्या पी-320 या नमुन्यावरून अमेरिकन सैन्याने 2017 मध्ये आपले नवे पिस्तूल निवडले, त्याचे बाजारातील पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असे त्याच वर्षी दिसून आले आणि कंपनीला बदल करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. तेव्हा स्वस्त ते चांगले, हा निष्कर्षही तितकाच आंधळा ठरेल. खरेदीपूर्वीची कठोर चाचणी हा खर्च वाचवून चालत नाही.

नेम कोठे चुकतो?

परंतु मूळ प्रश्न याही पलीकडचा आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केला. 1998 ते 2006 या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी अवघ्या 18 टक्के लक्ष्यावर लागल्या; समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण 30 टक्केच होते. ही पिस्तुले चांगल्या कारखान्यांतील होती. काही फुटांवर नेम चुकतो तो नळी अर्धा इंच इकडेतिकडे गेल्याने नव्हे. भीती, घाई, अंधार आणि अपुरा सराव यांनी तो चुकतो. या पोलिसांच्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड ठेवलेले होते, आणि हलका चाप वापरून पाहावा असे त्या अभ्यासाने सुचविले होते, हे खरे. पण तो दोष दूर करण्यास लागते ते लहानसे स्प्रिंग. चार हजार डॉलरांचे पिस्तूल नव्हे.

अर्थशास्त्र सांगते की कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू. सरावाचे साधे काडतूस अमेरिकेत पाव डॉलरच्या आसपास पडते. म्हणजे किमतीतील तीन हजार डॉलरांच्या फरकात दहा हजारांहून अधिक काडतुसे येतात. दहा हजार गोळ्या झाडलेला, साधे पिस्तूल घेतलेला माणूस आणि एकही न झाडलेला, कलाकुसरीचे पिस्तूल बाळगणारा माणूस यांत अधिक भरवशाचा कोण, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

आपल्याकडील धडा

भारतात या प्रश्नाला आणखी एक वळण आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यास खासगी व्यक्तींसाठी पिस्तुलांची आयात जवळपास बंद झाली. परिणामी त्यापूर्वी आलेली, कित्येक दशकांची जुनी विलायती हत्यारे परवानाधारकांत मूळ मोलाच्या अनेक पटींनी विकली जाऊ लागली. पुरवठा गोठला की किंमत गुणवत्तेची साक्ष देईनाशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्यांना सांगता येणार नाही.

आणि ज्यांच्या हाती शस्त्र देणे समाजाला भाग आहे, त्यांचे काय? 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतील ज्या उणिवा दाखविल्या, त्यांत काडतुसांच्या तुटवड्यामुळे खंडित झालेल्या गोळीबाराच्या सरावाचीही उणीव होती. अशा घटनेनंतर नवी, महागडी शस्त्रे घेण्याच्या घोषणा होतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. काडतुसांच्या पेट्यांचे आणि सरावाच्या मैदानाचे छायाचित्र कोणी काढीत नाही; अंदाजपत्रकात पहिली कात्रीही त्यांनाच लागते. शस्त्रखरेदीची रक्कम मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला म्हणून एकच प्रश्न प्रथम विचारला जावा: हे हत्यार ज्याच्या हाती जाणार, त्याला वर्षाकाठी किती गोळ्या झाडावयास मिळणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर असेल तर साधे पिस्तूलही पुरेसे आहे. नसेल, तर जगातील सर्वांत महागडे पिस्तूलही कमरेला लटकणारा एक दागिनाच राहील.